अण्णांची अ‍ॅपे, पहाटे पाच ते रात्री नऊ

पहाटे ५.१०

अंगणात अंधार आहे. चुलीवर आंघोळीचं पातेलं चढलंय. त्या जाळाच्या उजेडात तीन चाकं दिसतात, निळी ताडपत्री दिसते आणि कोपऱ्यात एक दगडी उखळ. उखळात पाणी भरून ठेवलंय. उजाडलं की कोंबड्या तिथं प्यायला येतात.

जानेवारीतला शेवटचा रविवार. करमाळ्याच्या पूर्वेला श्रीदेवीचा माळ. नावाप्रमाणे माळच आहे, वाऱ्याला आडवं यायला काही नाही. अण्णा कानटोपी घालून अ‍ॅपेवरची ताडपत्री काढतात. दहिवरानं ती जड झालीय. झटकली की थंड पाणी तोंडावर उडतं. मग फडकं. आधी काच, मग सीट, मग मागचे दांडे. दांड्याला माणसं धरतात, तो चिकट नको, असं त्यांचं म्हणणं. ऑइलची कांडी काढून पुसतात, पुन्हा बुडवतात, चुलीच्या उजेडात धरून बघतात. पान्यांची पिशवी, जॅक, एक फळी, नाड्याचा दोर, प्लॅस्टिकचा कागद, सगळं सीटखाली.

अण्णा चोपन्न वर्षांचे आहेत. एकोणीस वर्षं तीन चाकांवर. ही गाडी तिसरी, आणि हिचे हप्ते अजून सतरा राहिलेत. महिन्याला ६,४०० रुपये.

“बसा पुढं,” ते म्हणतात. “माझ्या डाव्या अंगाला. पाय मात्र आत घ्या.”

पहाटे ५.४५

पहिलं भाडं माणसांचं नसतं, दुधाचं असतं. तीन वस्त्यांवरचे सात कॅन उचलायचे आणि डेअरीवर टाकायचे. कॅनमागं २० रुपये. वस्तीवरचा रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. तीन चाकांच्या गाडीचं पुढचं चाक नेमकं त्या गवतावरून जातं. त्यामुळं अण्णा गाडी थोडी तिरकी चालवतात, एक मागचं चाक चाकोरीत, एक बाहेर. हे बघून शिकता येत नाही. कॅन भरलेला असला की दोघांनी उचलायचा असतो. अण्णा एकटे उचलतात, मांडीचा टेका देऊन. उजव्या मांडीवर पँट तिथं विरलीय.

सात कॅन, १४० रुपये. पैसे दहा दिवसांनी एकदम मिळतात.

सकाळी ६.५०

एस.टी. स्टँडबाहेर नंबर लागलेत. अण्णांचा चौथा. चहा दहा रुपयांचा, कागदी कप अंगठ्याएवढा. नंबर लिहिणाऱ्या पोराला दहा रुपये. शेकोटीत उसाचं पाचट आणि फुटकं खोकं जळतंय. बोलणं एकाच विषयावर आहे, उजनी धरण किती टक्के. पावसाळ्यात धरण ‘प्लसमध्ये’ आलं की इथं पेढे वाटतात, उन्हाळ्यात मृतसाठ्यात उतरून ‘मायनस’ झालं की आवाज खाली जातात. धरण एकूण ११७ टीएमसीचं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. त्या मायनसवरसुद्धा काठच्या मोटारी चालतात. रिक्षावाल्यालाही टक्के तोंडपाठ असतात, कारण ऊस आणि केळी असली तरच माणसं बाजाराला येतात.

तेवढ्यात फोन वाजतो. पुण्याचं एक कुटुंब जेऊरला उतरणार आहे. मागच्या नवरात्रात त्यांनी नंबर घेऊन ठेवला होता. देवीचं दर्शन, बारव, आणि जमलं तर “ते फ्लेमिंगो”.

अण्णा दोनच शब्द बोलतात. “आलोच की.”

सकाळी ७.४०

रिकामं जाणं परवडत नाही. जेऊरसाठी सहा सीट भरल्या, प्रत्येकी ४०. दोन ऊसतोडीच्या बायका, एक कॉलेजचा पोरगा, एक म्हातारा दवाखान्याची फाइल घेऊन, आणि एक जोडपं. म्हाताऱ्यानं तीस दिले. अण्णांनी घेतले आणि काही बोलले नाहीत. पंपावर ४०० चं डिझेल टाकलं.

रस्त्यावर कारखान्याचे ट्रॅक्टर. एकामागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. यांना ओलांडायचं तर समोरचं दिसत नाही. अण्णा ओलांडत नाहीत. मागं राहतात, पाचट तोंडावर घेत. “दहा मिनिटं उशीर झाला तर गिऱ्हाईक ओरडतंय. ओरडू दे.” ज्वारी कंबरेच्या वर गेलीय, कणसं दुधात आहेत. आठवड्याभरात हुरड्याला येतील.

सकाळी ८.३५

जेऊर हे सोलापूर-दौंड मार्गावरचं स्टेशन, आणि करमाळ्याला रेल्वे अशी इथंच भेटते. गाडी येते, दोन मिनिटं थांबते, जाते. उतरलेल्यांत आमचे चार जण. निवृत्त शिक्षक, त्यांच्या पत्नी, सून, आणि आठ वर्षांचा नातू. नातवाच्या गळ्यात दुर्बीण.

भाव तिथंच ठरतो, बॅगा खाली ठेवायच्या आधी. अण्णा १,८०० म्हणतात. गुरुजी १,२०० म्हणतात. अण्णा मोजून दाखवतात, बोटांवर. इथून माळ, माळावरून गाव, गावातून धरणाकाठचं कुगाव, कुगावहून परत जेऊर. लई लांब पडतंय, गुरुजी. बाई मधे पडतात, १,५०० वर थांबतं. बॅगा आत जातात.

माझ्या मते अण्णा दोनशेनं कमी पडले. मी बोललो नाही.

सकाळी ९.३०

माळावर चढताना लांबूनच गोपूर दिसतं. नातू विचारतो, “हे साउथचं मंदिर आहे का?” पोराचा प्रश्न बरोबर आहे. मजल्यावर मजला चढत गेलेलं असं प्रवेशद्वार आपल्याकडच्या देवळांना फारसं नसतं. आत गेलं की मात्र दगडी खांब, ओवऱ्या, फरसबंदी, दीपमाळा, सगळं मराठी देवस्थानाचं. राव रंभा निंबाळकरांनी १७२७ च्या सुमारास हे कमलादेवीचं देऊळ उभारलं. निंबाळकर निजामाच्या सेवेतले सरदार, करमाळा त्यांची जहागीर. तुळजाभवानीचंच हे दुसरं ठाणं, अशी इथली श्रद्धा. देवी अष्टभुजा, महिषासुराला मारणारी.

शिर्डी करून पंढरपूरला जाणाऱ्या गाड्या करमाळ्याला लागून जातात. त्यातल्या दहा जरी इकडं वळल्या तरी या माळावरच्या चुली जास्त वेळ पेटतील. इतकं देखणं देऊळ रस्त्यापासून दहा मिनिटांवर असावं आणि लोकांनी काच वर करून पुढं जावं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

सकाळी ९.५०

ओटीच्या दुकानातली मावशी अण्णांना बघून उठतात. कमिशन नाही, अण्णा घेत नाहीत. पण त्यांची गिऱ्हाइकं मावशी सावलीत बसवतात आणि चपलांना पैसे लावत नाहीत.

ओटी १५० ची. मी हिशेब विचारतो, मावशी लपवत नाहीत. नारळ ३५ ला पडतो. खण ४०. हिरव्या बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या, सुपारी, खारीक, मूठभर गहू आणि वरचा कागद मिळून तीस. म्हणजे १०५. मागं ४५ राहतात, पण नारळ नासका निघाला तर तो त्यांचा. “हलवून बगायचा,” त्या म्हणतात आणि माझ्या कानाशी नारळ हलवतात. आत पाणी खळखळतं. “याचा आवाज गोड हाय. खराब नारळाचा मुका असतोय.”

पुडीतलं कुंकू केमचं. केम याच तालुक्यातलं गाव, जेऊरच्या पुढच्या स्टेशनांपैकी एक. तिथं घरोघर कुंकवाचं काम चालत आलंय. जुन्या पद्धतीत हळदीला चुन्याचा, टाकणखाराचा आणि लिंबाच्या रसाचा संस्कार द्यायचा, की पिवळ्याचं लाल होतं. मावशींचं माहेर तिकडंच. त्यांच्या लहानपणी आईचे हात कोपरापर्यंत लाल असायचे. “पाव्हणं आलं की आई पदराखाली हात लपवायची,” त्या सांगतात. आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारतात.

सुनेनं ओटी घेतली. गुरुजींच्या पत्नी तिला पदर कसा धरायचा ते दाखवत आत गेल्या.

सकाळी १०.४५

या देवळात शहाण्णव आकडा फार. खांब ९६, बारवेच्या पायऱ्या ९६. मराठ्यांच्या शहाण्णव कुळांशी लोक हा आकडा जोडतात. नातू खांब मोजायला लागतो. पहिल्या वेळी ८९ भरतात. दुसऱ्या वेळी सुरुवात कुठून केली तेच विसरतो. अण्णा त्याला खिशातला खडू देतात. टायरवर खूण करायला तो असतोच. “खांबाला लावायचा न्हाय हां. फरशीवर लाव, पहिल्या खांबापाशी.” बारीक रेघ, नंतर बोटानं पुसून टाकायची. या वेळी ९६ भरले.

मग बारव. वरून बघितली की पोटात कालवतं. दगडाचा एवढा मोठा खड्डा, एका बाजूनं पायऱ्यांचा उतार, खाली हिरवट पाणी. बारवेच्या तोंडाशी ऊन, आणि वीस-पंचवीस पायऱ्या उतरलं की गारवा. दगड एकमेकांत असे बसवलेत की सांध्यात नख जात नाही. मी प्रत्येक वेळी इथं हात फिरवून बघतो. तीनशे वर्षांपूर्वी हे दगड कुणी डोक्यावरून, कुणी गाड्यावरून आणले असतील. त्यांची रोजची मजुरी किती होती हे कळालं असतं तर फार बरं वाटलं असतं.

अण्णा खाली येत नाहीत. गुडघा. ब्रेक दाबणाऱ्या पायाचा. वरच्या पायरीवर बसून ते दोन्ही हातांनी गुडघा चोळतात.

दुपारी १२.००

गावात किल्ला. हा भुईकोटही निंबाळकरांचाच. तटाच्या आत आता वस्ती, दारासमोर मोटरसायकली, तारेवर धुणं. बुरुजावर पिंपळ उगवलाय. गुरुजी पाच मिनिटांत फोटो काढून परत येतात. यात त्यांची चूक नाही. इथं थांबून बघा असं सांगणारं काही इथं नाही.

दुपारी १२.३०

कुटुंब थाळीला गेलं. अण्णांनी डबा अ‍ॅपेच्या मागच्या सीटवर उघडला. दोन ज्वारीच्या भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याचं कालवण, कांदा. कांदा बुक्कीनं फोडला. एक भाकरी माझ्याकडं सरकवली, आणि मी नको म्हणायच्या आत वर तेल ओतलं. जेवताना बोलत नाहीत. जेवण झाल्यावर डबा बाटलीतल्या पाण्यानं विसळून ते पाणी रस्त्याकडेच्या रोपाला.

दुपारी १.५०

जेऊरच्या पुढं चिखलठाणच्या रस्त्याला मागचं उजवं चाक बसलं. खिळा नव्हे, उसाच्या ट्रॉलीचा तुटका बोल्ट. सगळे खाली. अण्णा दगड शोधतात, पुढच्या चाकाला लावतात, जॅक टेकवतात. माती मऊ आहे, जॅक आत जातो. मग सीटखालची फळी. ही फळी कशाला बाळगतात ते सकाळी मला कळलं नव्हतं. स्टेपनी चढवायला अठरा मिनिटं लागली. नातवानं नट सांभाळले, रुमालात, एक-एक मोजून.

पुढच्या वस्तीवर पंक्चर काढलं. १०० रुपये. स्टेपनीचं टायर गुळगुळीत झालंय, त्याच्यावर परत जायचं नाही. पोरानं ट्यूब पाण्याच्या टबात दाबली, बुडबुडे आले, तिथं काडी खोचली, कानशीनं घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर घातली, ठिगळ दाबलं. अण्णा शंभर देताना जरा थांबले. पन्नासच्या दोन नोटा दोनदा मोजल्या.

दुपारी ३.१०

केळीच्या बागा सुरू झाल्या की पाणी जवळ आलं. या पट्ट्यात कंदर, वाशिंबे, कुगाव सगळीकडं केळी. घड निळ्या पिशव्यांत बांधलेले. कंदरची केळी जहाजानं आखातात जातात. आणि मग एकदम रस्ता संपतो. संपतो म्हणजे खरंच संपतो, डांबर पाण्यात उतरतं.

समोर यशवंतसागर. भीमेवर उजनीला धरण झालं त्याचा हा फुगवटा. काम १९६६ ला सुरू झालं, १९८० ला पाणी अडलं. पलीकडं इंदापूर तालुका दिसतो, झाडंसुद्धा ओळखू येतात. होडीनं जेमतेम अर्धा तास, रस्त्यानं टेंभुर्णीवरून वळसा. म्हणून इथं होडी म्हणजे एस.टी. माणसं, मोटरसायकली, दुधाचे कॅन, सगळं होडीतून.

२०२४ च्या २१ मे ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली. सहा जण गेले. काठावर त्याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. पण होडीवाला आधी आकाश बघतो, मग पश्चिमेचा वारा बघतो, मग नारिंगी जॅकेटं काढतो आणि प्रत्येकाच्या पट्ट्या स्वतः ओढून बघतो. नातवाला जॅकेट मोठं होतंय, तर खाली दोर बांधतो. हे सगळं होईपर्यंत होडी सुटत नाही. पलीकडच्या शिरसोडीपासून इकडं पूल मंजूर झालाय. होडीवाल्याला विचारलं, पूल झाल्यावर काय? “मासं हायेतच की,” तो म्हणाला.

माणशी १५० रुपये. होडी पत्र्याची, तळाला जाळं गोळा करून ठेवलेलं, त्यात चिलापीचे खवले चिकटलेले. पहाटे हीच होडी जाळी काढते.

दुपारी ३.४०

इंजिन बंद करून वल्ह्यावर. उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभे आहेत. दोनशे असतील. लांबून पांढरी रेघ वाटते, जवळ गेलं की पाय गुलाबी. मान उलटी करून चोच चिखलात फिरवत चालतात, एका रांगेत, तणकट काढणाऱ्या बायकांसारखे. होडीवाला बोटानं दाखवत जातो. ते शेकाटे. ते चक्रवाक. डोक्यावर दोन काळे पट्टे ते पट्टकदंब, हिमालयावरून येतात. आणि ती काठाची बदकं इथलीच, बारमाही. हळदीकुंकू. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल टिकली. सून हसते. सकाळीच तिनं त्याच दोन रंगांच्या पुड्या ओटीत घेतलेल्या.

एका रोहितानं पंख उघडले. आतला लाल रंग एका क्षणात सगळ्या थव्यावर पसरला, कारण बाकीचेही उडाले. गुरुजींचा फोन खिशातच राहिला. नातवानं दुर्बीण खाली घेऊन नुसत्या डोळ्यांनी बघितलं.

दुपारी ४.१५

अण्णा होडीत आले नव्हते. काठावर बाभळीखाली बसले होते. मी शेजारी बसलो. त्यांनी पाण्याकडं बोट केलं.

“ती वाळलेली बाभळ दिसती का? तिच्या सरळ रेषेत, आत. आमचं घर तिथं. पाच खणांचं. पुढं मारुती, मारुतीम्होरं वेस.”

पाणी आलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आईनं घर सोडताना जमीन सारवली होती, एवढं त्यांना आठवतं. जिथं पाणी येणार ती जमीन का सारवली, ते त्यांनी पुढं कधी विचारलं नाही. वडील आधी चिखलठाणला राहिले, मग माळावर आले. जमीन गेली ती काळी होती, मिळाली ती मुरमाड.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी खूप खाली गेली. कुगावचा इनामदारांचा वाडा उघडा पडला, लोक गाड्या घेऊन बघायला आले. अण्णांनीही त्या मे महिन्यात वीस-बावीस फेऱ्या केल्या, चांगले पैसे झाले. एका फेरीत गिऱ्हाईक वाड्याच्या बुरुजावर फोटो काढत होतं, तेव्हा अण्णा भेगाळलेल्या चिखलातून चालत आत गेले. जोत्याचे दगड सापडले. स्वयंपाकघराच्या जागी उखळ, आडवं पडलेलं. एकट्याला उचलेना. पुण्याच्या त्या गिऱ्हाइकातल्या दोन पोरांनी हात लावला. अ‍ॅपेच्या मागं घालून माळावर आणलं.

“कांडायला कोण हाय आता. कोंबड्या पाणी पित्यात.”

कुटुंब परत आलं. अण्णांनी उठून सीट झटकली.

संध्याकाळी ५.५५

उन्हं तिरपी. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी. जेऊरच्या अलीकडं ज्वारीच्या शेतात धूर दिसला, कुणीतरी हुरड्याचा पहिला आर पेटवलाय. नातू झोपलाय, हातात अजून एक नट. चुकून राहिलेला जास्तीचा. अण्णांनी तो हळूच काढून घेतला.

स्टेशनवर गुरुजींनी पंधराशे मोजले आणि वर शंभर काढले. अण्णांनी आधी नको म्हटलं, मग घेतले. बाईंनी देवीचा अर्धा नारळ कागदात बांधून दिला.

संध्याकाळी ७.१०

करमाळ्याला परतताना पाच सीट मिळाल्या. २०० रुपये. थंडी परत सुटलीय. मागच्या बाजूचा कागद सोडून अण्णांनी दोरानं बांधला. हेडलाइट एकच चांगला लागतो, दुसरा खालच्या रस्त्याकडं बघतोय. “उद्या बघू,” ते म्हणाले. सकाळीही तेच म्हणाले होते.

रात्री ८.४०

जेवण झाल्यावर हिशेब. अण्णांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यासमोर बसतात, अण्णा तोंडानं सांगतात. जेऊरची सीट २३०, म्हाताऱ्याचे दहा कमी. फेरी १,६००. परतीचे २००. डिझेल ४००, पंक्चर १००, नंबर आणि दिवसभराचा चहा ४०. हातात १,४९०. दुधाचे १४० नंतर.

असा रविवार महिन्यातून तीनदा आला तरी पुष्कळ. कार्तिकातली यात्रा आणि नवरात्र सोडलं तर बाकीचे दिवस पाचशे-सहाशेचे. वहिनी हजार बाजूला काढतात, हप्त्याच्या पाकिटात. पाचशेची एक नोट मधोमध फाटलीय, ती दिव्याजवळ धरून बघतात आणि पंपावर चालेल असं म्हणतात. राहिलेल्या ४९० मधनं दोनशे किराण्याला. हेडलाइटचा बल्ब १५० चा. त्यावर दोघं थोडा वेळ गप्प बसतात.

“आन बल्ब,” वहिनी म्हणतात. “पहाटं दूध न्यायचं असतंय.”

रात्री ९.०५

अण्णा बाहेर येऊन ताडपत्री ओढतात, चारी कोपऱ्यांना विटा ठेवतात. उखळातलं पाणी दिवसाभरात हिरवट झालंय. ते पालथं करायला जड आहे, म्हणून तांब्यानं उपसतात आणि बादलीतलं ताजं भरतात. मग गुडघ्याला तेल चोळत उंबऱ्यावर बसतात. फोनवर उद्याचं भाडं ठरतंय. केमला, लग्नाचं सामान. सकाळी अकराला निघायचं, दूध टाकून झाल्यावर.